साडेतीन तासांवरचं मस्कत

मस्कत हैदराबादपेक्षा जवळ आहे, असं आदिलाबादकडच्या अख्ख्या तामसी गावात एकट्या रेणुकाबाईच सांगायच्या. हैदराबादला बसनं जायचं तर सगळा दिवस मोडतो, हाडं खिळखिळी होतात. आणि त्यांचा एकुलता एक सुधाकर मस्कतला विमानात बसला की साडेतीन तासांत हैदराबादला उतरतो! त्यांच्या किराणा दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला मिठाच्या पुड्याबरोबर हेही ऐकून घ्यावं लागे. लोक हसायचे. हसोत बापडे. ज्याचं लेकरू परदेशात असतं, त्यालाच कळतं.

म्हणूनच भाद्रपदात त्यांचे यजमान पांडुरंगराव अंथरुणाला खिळले, लिव्हर गेलं असं डॉक्टरनं सांगितलं, तरी बाईंनी पोराला कळवलं नाही. नवी नोकरी, कशाला त्याच्या जिवाला घोर लावायचा? जवळच तर आहे, हाक मारली की येईल. एवढी शहाणी बाई, पण इथं चुकली.

त्या दसऱ्याला तेलंगणातले जिल्हे फुटले, एका आदिलाबादचे चार झाले. बाईंचं माहेर मुधोळ नव्या निर्मल जिल्ह्यात गेलं. रस्ता होता तेवढाच राहिला. त्याच दिवशी पांडुरंगरावांनी अन्न सोडलं आणि बाईंनी फोन लावला. सुधाकर ढसाढसा रडला. त्याचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात कुलूपबंद, आणि मालक परगावी. निघायलाच चार दिवस लागणार होते.

चार दिवस! बाईंच्या हिशेबात हे कुठंच नव्हते.

"सुध्याले सांगितलं का वं?" पांडुरंगरावांनी विचारलं.

"सांगितलं. इमानात बसला," बाई बोलून गेल्या.

झालं. माणूस उठून बसला. न्हावी बोलावून दाढी करून घेतली, धुतलेलं धोतर नेसले, उशी दाराकडे करवून घेतली. दिवस मावळला. जीभ झडून जावी, असं बाईंना झालं. "हैदराबादेत गाडी भेटली नसंन," त्या म्हणाल्या. सकाळी म्हणाल्या, "रस्त्यात असंन." दुपारपासून पांडुरंगरावांनी विचारणंच सोडलं आणि बाईंना ते जास्त लागलं.

संध्याकाळी त्यांनी बाईंचा हात धरला. "रेणुका, तो बसलाच नाही ना इमानात?"

पदर तोंडात कोंबून बाईंनी मान हलवली.

"मले तवाच कळलं. तुले गिऱ्हाइकाशी खोटं बोलता येत नाही, माह्याशी काय बोलशीन!" ते हसले आणि त्यांना धाप लागली. "आता एक खोटं नीट बोलजो. तो आला की सांगजो, बापानं तुले पाह्यलं. आखरी वक्ताले तू दारात उभा दिसला, बापानं ओयखलं. नाहीतर पोरगा जलमभर झुरंन."

पहाटे ते गेले. अग्नी पुतण्यानं दिला.

सुधाकर आला तेव्हा राखही सावडून झाली होती. बॅग खाली न ठेवताच त्यानं विचारलं, "बाबानं वाट पाह्यली का माही?"

बाईंनी त्याच्या डोळ्यांत बघून सगळं सांगितलं. एकदाही अडखळल्या नाहीत. पोरानं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि पोटभर रडून घेतलं. मग जरा शांत झाल्यावर तो म्हणाला, "पण आई, महिनाभर आधी काऊन नाही सांगितलं मले?"

याचं उत्तर पांडुरंगरावांनी शिकवून ठेवलं नव्हतं.