म्हणे क्लेलचा टब

मी एक जस्ताचा टब बोलतोय. कपडे धुण्याचा. क्लेल रॅटलिफच्या मयताला आलेली निम्मी माणसं मला ‘वाद्य’ म्हणत होती, म्हणून आधीच सांगून टाकलं.

केंटकीच्या डोंगरातल्या खाणवस्तीत मी व्हर्नाबरोबर आलो. तिच्या आईनं मला तिच्या लग्नात दिलं होतं. क्लेल कोळशाच्या खाणीत कामाला. त्याचे कपडे भिजवले की पाणी इतकं काळं व्हायचं, की बघणाऱ्याला वाटावं, नवराच विरघळला.

उरलेला वेळ तो बँजोचा. वाजवायचा मात्र असा, की भांडायला आलेला शेजारी पायानं ताल धरत पायरीवर बसून राही.

एकदा शाळेत त्याचा कार्यक्रम ठरला आणि त्याचा बासवाला, म्हणजे खर्जाची तार छेडणारा साथीदार, कुणाला न सांगता ओहायोच्या कारखान्यात नोकरीला पळाला. क्लेलनं माझ्यातले ओले कपडे गवतावर ओतले, मला पालथा घातला आणि माझ्या बुडाला भोक पाडलं. त्यातून दोरी ओवून तिचं दुसरं टोक झाडूच्या दांड्याला बांधलं. दांडा माझ्या काठावर उभा करून मागे ताणला आणि दोरी छेडली की मी ‘ठुम्म’ करायचो. बूड फुटल्यावर नशीब उघडलेला मी एकटाच असेन.

व्हर्नानं भोक पाहिलं, गवतावरचे कपडे पाहिले आणि विचारलं, की तू बँजो वाजवणार, मग हे कोण वाजवणार? एवढा विचार क्लेलनं केलाच नव्हता.

“टब तुझा आहे,” तो म्हणाला, “तूच वाजव.”

तिनं मला वाजवलं, तेही दात-ओठ खाऊन. रागात वाजवलेला ताल फार पक्का बसतो. पुढची एक्केचाळीस वर्षं ती मागे उभी राहून वाजवत होती. जत्रा, चर्च, रेडिओ, संपावरच्या मजुरांच्या सभा. पुढे क्लेल, लोकांच्या गळ्यातला ताईत. आजोबांच्या काळातलं गाणं तो ‘आजच सकाळी सुचलं’ म्हणून गायचा आणि शब्द विसरला की गुणगुणायचा. खाणीत कुणाचा माणूस गेला, की त्या घरी जाऊन ती माणसं पुन्हा जेवायला बसेपर्यंत वाजवायचा. तेही खरंच.

या मार्चमध्ये त्याच्या छातीतल्या कोळशानं त्याला नेलं.

मयताला चर्च तुडुंब भरलं होतं. घेवड्याची पातेली आणि मक्याच्या भाकऱ्या मागच्या टेबलावर. मला शवपेटीशेजारी ठेवून माझ्यात गुलाबी फुलं खोचली होती. पाद्रीबुवांनी सांगितलं, की क्लेल दारूला कधी शिवला नाही आणि खोटं कधी बोलला नाही. मला वाटलं, आपण चुकीच्या मयताला आलो.

मग संग्रहालयाचे एक साहेब उठले. ‘क्लेलचा टब’ काचेच्या कपाटात ठेवू म्हणाले. विचारलं कुणाला, तर क्लेलच्या भावाला, आर्व्हिलला. आर्व्हिलनं मान डोलावलीसुद्धा.

व्हर्ना उभी राहिली.

“टब माझा आहे. क्लेलला तो कधी वाजवता आला नाही. आणि पाद्रीबुवा, तो प्यायचा. तुमच्याच चर्चच्या ऑर्गनमागे बाटली ठेवायचा. आर्व्हिल, बघ जरा.”

आर्व्हिलनं हात घातला. बाटली निघाली, अर्धी भरलेली. आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळं चर्च हसलं.

“थापाड्या होता, आळशी होता,” ती म्हणाली. “तसाच होता, तसाच मला आठवू द्या. त्याला संत करून पुरलंत, तर मी रडू कुणासाठी?”

तिनं फुलं बाकावर ठेवली, मला पालथा घातला आणि ठेका धरला. मयताचा नव्हे, नाचाचा. आर्व्हिलनं बरोबर आणलेलं फिडल, म्हणजे व्हायोलिन, उचललं. पाद्रीबुवांनी डोळे मिटून घेतले, पण त्यांचा उजवा बूट माझ्या तालावर होता. मी स्वतः पाहिलं.

आता मी व्हर्नाच्या ओसरीवर असतो. दुपारी ती एकटीच वाजवत बसते. क्लेल दुसऱ्या कडव्याला नेहमी उशिरा यायचा, तेव्हा ती त्याच्यासाठी दोन ठोके थांबायची. आजही त्या जागी ती थांबते. तिकडून जाणार असाल, तर तेवढ्यात कृपा करून मध्ये बोलू नका.