तिसऱ्या रविवारचा पुकारा

"पुढे सरक, मर्सी. पिकरिंग बघतोय," जोसाया कुजबुजला आणि त्याने बाकाचं छोटं दार लावून घेतलं. इंग्लंडातल्या बेडफर्डकडच्या त्या लहानशा गावच्या चर्चमध्ये हॅलमांचा हा बाक पहिल्या रांगेतला, वर्षाचं भाडं भरून घेतलेला. त्याला दार होतं, लाल गादी होती. मागच्या फुकटच्या बाकांवर गव्हाच्या काड्यांच्या टोप्या विणणाऱ्या बायका दाटीवाटीने बसत. त्यांच्याकडे वळून बघणंही जोसायाला कमीपणाचं वाटे.

मर्सी सरकली. सरकणं तिला छान जमायचं. आई गेल्यापासून जोसायाच्या, म्हणजे भावाच्या, घरात ती सरकतच आली होती, आधी पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत, मग वहिनी आल्यावर माळ्यावर. तोंडातून कधी ब्र काढला नाही. गावात तिचं कौतुक होई तेही त्याचंच. "हॅलमांची मर्सी ना? घरात आहे की नाही, कळतसुद्धा नाही हो!"

पिकरिंग गिरणीवाला, पाच पोरांचा बाप, बायको वारलेली. महिन्यापूर्वी तो चहाला आला आणि तिच्यादेखत जोसायाला म्हणाला, "तुमची बहीण मला पसंत आहे. आवाज नाही. आमची ही, देव तिला शांती देवो, फार उलट बोलायची."

मर्सी किटली घेऊन उभी होती. तिने त्याचा कप पुन्हा भरला. झालं! त्या दुसऱ्या कपालाच दोघांनी होकार धरला. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये वधूवरांची नावं पुकारून हरकत विचारायची पद्धत, त्यासाठी जोसाया परस्पर पाद्रीबाबांकडे नावं देऊन आला.

पहिल्या रविवारी पुकारा झाला तेव्हा तिचे कान बधिर झाले. दुसऱ्या रविवारी घरी परतताना तिने भावाला गाठलं. "जोसाया, मला हे लग्न नको."

"आता नको? गावभर झालं की! तुला काय व्हिक्टोरिया राणीचा लेक मागणी घालणारे?" मग तो शांतपणे म्हणाला, "हे मोडलंस, तर माझ्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही." तो चिडून बोलला असता, तर तिला एवढी भीती वाटली नसती.

आज तिसरा रविवार. यानंतर लग्नच.

"एनॉक पिकरिंग, विधुर, आणि मर्सी हॅलम, अविवाहित," म्हातारे पाद्रीबाबा वाचत होते. "हा शेवटचा पुकारा. कुणाची योग्य कारणाने हरकत असेल, तर आत्ताच सांगावी." आणि सवयीने त्यांनी पान उलटलंसुद्धा.

"माझी आहे."

पाद्रीबाबा चष्मा सावरत मागच्या बाकांकडे बघू लागले. "कोण बोललं?"

"मी, मर्सी हॅलम." ती उभी होती. पुढची फळी तिने घट्ट धरली होती.

"अहो, पण पुकारा तुमचाच आहे!"

"म्हणूनच. मला कुणी विचारलंच नाही."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. जोसायाने तिची बाही ओढली. "खाली बस! लाज आणलीस."

"थांब जरा. मी पाद्रीबाबांशी बोलतेय."

पिकरिंग लालबुंद झाला होता. "मी काय वाईट माणूस आहे का, बाई?"

त्याची तिला खरंच दया आली. "नाही हो. पण तुम्हाला चहा हवा होता, तो मी दिला. त्याहून जास्त काही दिलं नव्हतं."

पाद्रीबाबांनी पुस्तक मिटलं. "नवरीचीच हरकत आहे म्हटल्यावर पुकारा रद्द."

जोसाया शब्दाचा पक्का. दुपारी मर्सीची पेटी फाटकाबाहेर आली. तेव्हा मात्र तिला रडू आवरेना. आईचं घर होतं ते. पाद्रीबाबांच्या बायकोने तिला शिवणकामासाठी मागच्या खोलीत ठेवून घेतलं.

पुढच्या रविवारी ती चर्चमध्ये आली, तर पाय सवयीने पहिल्या रांगेकडेच गेले. जोसायाने तिला पाहिलं आणि बाकाचं दार आतून ओढून घेतलं. वहिनीने मान खाली घातली. मर्सी वळली आणि मागच्या बाकांकडे गेली.

शेवटच्या बाकावर जाडजूड टफनेलबाई बसली होती. बोटं काड्यांनी चिरलेली. तिने शेजारणीला कोपराने ढोसलं.

"सरका गं जरा. मिस हॅलमना बसायचंय."

अख्खा बाक सरकला.