कोणापासून वेगळी

पत्र धाकट्या सुनेनं जेवणाच्या सुट्टीत फोडलं, हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात, चादरी दाबणाऱ्या गरम रुळांशेजारी उभं राहून. सरकारी भाषा तिला कामापुरतीच यायची, पण हे पत्र कळायला तेवढी पुरेशी होती. कायम राहण्याचा परवाना नामंजूर. कारण, लग्नानंतर पती-पत्नी फक्त चौदा महिने एकत्र राहिले, पतीनंही तसा दुजोरा दिला. नियमाप्रमाणे तीन वर्षं हवीत. साठ दिवसांत देश सोडावा.

चौदा महिने! धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार वर्षं त्या माणसाचे डबे भरले, त्याचे रुसवेफुगवे सांभाळले, त्याच्या मोज्यांच्या जोड्या लावल्या. त्यातले चौदा महिने हिचे, मग बाकीचा संसार काय भुतानं केला?

चादरीच्या चार घड्या पडेपर्यंत तिला उलगडा झाला. कचेरीत मुलाखतीच्या दिवशी दुभाष्यानं विचारलं होतं, "लग्नानंतर कसे राहिलात?" आणि ती सरळ बोलून गेली होती, "चौदा महिन्यांनी आम्ही वेगळे झालो."

वेगळे झालो, म्हणजे थोरल्या दिराच्या घरातून भांडीकुंडी उचलून नवरा-बायको दुसऱ्या घरात गेलो. कुठल्याही मराठी घरातलं शेंबडं पोर हे समजलं असतं. पण दुभाषी जन्मापासून इथलाच, त्याची मराठी आजीनं लाडात शिकवलेली. त्यानं लिहिलं : पती-पत्नी विभक्त झाले. आणि नव्या घराच्या कागदांवर नवऱ्यानं हिचं नाव कधी घातलंच नव्हतं. सरकारदरबारी हिचा पत्ता अजून जावेच्याच घरचा. सगळं कसं जुळून आलं!

तिनं नवऱ्याला फोन लावला.

"चौदा महिने तू कबूल केलंस?"

"त्यांनी तारीख पाठवली, बरोबर आहे का विचारलं. तूच सांगितलेली तारीख. मी बायकोला खोटं कशाला पाडू?"

"पुढची तीन वर्षं मी कुठे होते रे?"

"ते त्यांना सांग. नाहीतर बॅग उचल आणि घरी ये. उद्याच्या उद्या दुरुस्ती लिहून देतो."

"घराची किल्ली देशील?"

त्या घरात राहिली तेवढा काळ त्यानं हिला किल्ली दिली नव्हती. शिफ्ट संपवून यायचं आणि साहेब येईपर्यंत जिन्यात बसायचं, शेजाऱ्यांना हसून दाखवत. आठ महिन्यांपूर्वी एके दिवशी ती जिन्यात बसलीच नाही. धुलाईखान्यातल्या मैत्रिणीच्या खोलीवर गेली, ती गेलीच.

"किल्लीचं काय नवीन काढलंस आता?" तो म्हणाला.

"चुलीत घाल तुझं घर," म्हणून तिनं फोन ठेवला.

आता हे वेगळं होणं नेमकं कोणाचं कोणापासून, हे डोळ्यांनी पाहिलेलं माणूस जगात एकच होतं. थोरली जाऊ. आणि तिच्याशी हिचं साडेतीन वर्षं बोलणं नव्हतं, कारण हिचं अंथरूण जिन्यात फेकणारी तीच.

थोरलीनं दार अर्धंच उघडलं. "काय गं? काही न्यायचं राहिलं होतं?"

"जाऊबाई, तुमची साक्ष हवीय."

"माझी? शोभतं का तुला?"

धाकटीनं कागद पुढे केला. थोरलीनं चष्मा शोधला, ओठ हलवत वाचलं, परत वाचलं.

"हे काय? त्याचं आणि तुझं फाटलं म्हणून घर सोडलंत?"

"असं लिहिलंय."

"वा गं वा! अंथरूण फेकलं मी. गरम पाण्यावरून घसा फोडला मी. आणि इथं माझा पत्ताच नाही?"

"म्हणून तर आलेय."

थोरली जरा नरमली. "सासूबाई अजून सगळ्यांना सांगतात, धाकटीनं घर फोडलं. मी ऐकून घेत आले. सोयीचं होतं." तिनं चष्मा काढला. "आमच्या ह्यांना कळलं तर महिनाभर तोंड फुगवतील. भावाविरुद्ध गेले म्हणून."

"मग?"

"मग फुगवू दे. मरतंय कोण?"

कचेरीत तोच दुभाषी होता. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं. समोरची अधिकारीण पेन घेऊन बसलेली.

"चौदा महिन्यांनी हे दोघं माझ्यापासून वेगळे झाले," थोरली म्हणाली. "मी हाकललं. लिहा."

दुभाषी घुटमळला. "म्हणजे, कुटुंबात थोडा तणाव..."

"तणाव नाही हो! हाकललं! अंथरूण फेकलं! तुम्हाला हाकलणं येत नाही का मराठीत?"

"मॅडम, 'वेगळे झालो' याचे दोन अर्थ निघतात..."

"मग तेव्हा विचारायचं होतं!" धाकटी उठून उभी राहिली. "एक प्रश्न, 'कोणापासून?' एवढं विचारायला जीभ झडली असती तुमची? साठ दिवसांत मला उचलून फेकताहेत, आणि तुम्ही मला व्याकरण सांगता? आधी यांना सांगा की चूक तुमची होती. आत्ता. माझ्यासमोर."

दुभाष्याचे कान लाल झाले. त्यानं सांगितलं. चूक हा शब्द त्या भाषेत कसा म्हणतात ते धाकटीला येत होतं, म्हणून तो आला की नाही हे तिनं नीट ऐकलं. आला.

अधिकारिणीनं थोरलीला विचारलं, नव्या घरात हे दोघं नवरा-बायको म्हणून राहत होते हे तुम्हाला कसं माहीत?

"समोरच्याच इमारतीत होते. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत रोज भांडायचे, आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. नवरा-बायको नसते तर इतकं कोण भांडेल?"

अधिकारीण पहिल्यांदा हसली. तारीख खोडून नवी घातली, आकडेमोड केली आणि सांगितलं की तीन वर्षं भरतात, त्याहूनही जास्त. नामंजुरी मागे घेते. नवऱ्याला कळवावं लागेल, त्याला हरकत घ्यायला चौदा दिवस आहेत.

"घेऊ दे हरकत," थोरली म्हणाली. "मी परत येईन. अजून खूप सांगायचं राहिलंय."

"आणि सध्या?" अधिकारिणीनं विचारलं. "सध्या काय लिहू?"

दुभाषी तोंड उघडणार, तेवढ्यात धाकटीनं हात आडवा केला आणि आपल्या मोडक्यातोडक्या सरकारी भाषेत स्वतःच सांगितलं : आता वेगळी. नवऱ्यापासून. आठ महिने. मी सोडलं.

अधिकारिणीनं जसंच्या तसं लिहून घेतलं.

बाहेर पायऱ्यांवर थोरली म्हणाली, "आता माझ्याकडे राहायला येशील की काय?"

"नाही."

"बरं झालं. मी ठेवूनही घेतलं नसतं."

"ठाऊक आहे," धाकटी म्हणाली. दुपारची शिफ्ट सुरू व्हायला वीस मिनिटं होती, ती झपाझप निघाली.