धुरपदाबाईचा डबा

धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत जळगावला येणारी सडक पिंप्राळ्याच्या अलीकडे रेल्वेचे रूळ ओलांडायची, आणि तिथल्या फाटकावर गिरधर नावाचा फाटकवाला होता. माणूस भला, वेळेला पक्का, पण त्याचं कोणी ऐकेल तर शपथ. सिग्नल पडला, त्याने फाटक लावून कुलूप घातलं, लाल निशाण घेऊन उभा राहिला, की इकडे गाडीवानांनी बैल डावीकडे वळवलेच म्हणून समजा. फाटकाच्या डाव्या हाताला काटेरी थोराचं कुंपण होतं, ते त्यांनी केव्हाच मोडलं होतं. तिथून पडीक शेतात उतरायचं, पन्नास पावलं पुढे जायचं आणि उघड्या रुळांवरून गाडी खडखडत पलीकडे काढायची. का, तर कापसाच्या दिवसांत सरकी काढायच्या कारखान्याच्या, जिनाच्या दाराशी आपला नंबर आधी लागावा म्हणून. जीन काय पळून जात होतं?

गिरधरने काय करायचं बाकी ठेवलं होतं? बाभळीच्या काट्या आणून टाकल्या, त्या लोकांनी बेळक्याच्या काठीने उचलून बाजूला सारल्या. चर खणला, तो त्यांनी दगडमाती टाकून बुजवला. नावं लिहून घ्यायला गेला, तर प्रत्येकाने शेजाऱ्याचं नाव सांगितलं. आदल्या साली एका गाडीचं चाक रुळांत अडकलं आणि मालगाडीने एक बैल नेला. गाडीवान वाचला, पण त्या बैलाचं ओरडणं गिरधरच्या बायकोने, धुरपदाबाईने, फाटकाजवळच्या खोलीच्या दारातून ऐकलं होतं. त्या दिवसापासून शिट्टी झाली की ती हातातलं काम टाकून दारात यायची.

आणि ती उगाच येत नव्हती. फाटक चुकवण्यात सगळ्यांत पुढे कोण असेल, तर तिचा सख्खा धाकटा भाऊ चुडामण. आई गेली तेव्हा तीन वर्षांचा होता, धुरपदानेच त्याला कडेवर वाढवलेला. आता मिशा फुटल्या होत्या आणि अंगात वारं शिरलं होतं. त्याच्याकडे खिल्लारी बैलांची पांढरीशुभ्र जोडी होती, चांद्या आणि पाखऱ्या. या जोडीला आजवर कोणी थांबवलेलं नाही, असं तो एरंडोलपासून जळगावपर्यंत छाती काढून सांगायचा. बहिणीने हात जोडले, शपथा घातल्या, एकदा तर दोन दिवस अबोला धरला. तो हसायचा आणि म्हणायचा, "अक्का, फाटक पाव्हणानं शे, सडक मनी शे." म्हणजे फाटक दाजींचं, सडक माझी.

आता अशा माणसापुढे डोकं फोडून काय उपयोग? धुरपदाबाईने डोकं फोडलं नाही, चालवलं. माणसं ऐकत नाहीत ना, राहिलं. गाडी ओढतं कोण? बैल. मग बैलांशीच बोलावं.

दारात म्हैस होती, त्यामुळे घरात सरकी असायचीच. दुसऱ्या दिवशी गिरधरने फाटक लावलं तशी ही घासलेटचा रिकामा डबा घेऊन बाहेर आली. डब्यात भिजवलेली सरकी, वर मीठ. लाकडाने डबा बडवला, ठण् ठण् ठण्, आणि फाटकाशी थांबलेल्या दोन गाड्यांच्या चारही बैलांना एकेक मूठ चारली. गिरधरचा जीव म्हशीसाठी तुटला. लोकांच्या बैलांना काय पंगत घालतेस, म्हणून त्याने दिवसभर तोंड वाकडं केलं. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि दुपारच्या मेलला पुन्हा डबा वाजवला. दिवसभर असंच. आगगाडी आली की डबा, आणि डबा वाजला की मूठ.

पंधरा दिवसांत काय मजा झाली म्हणता! गाडीवान कासरा डावीकडे ओढतोय आणि बैल मान ताठ करून फाटकाकडेच चाललेत. पारोळ्याचा हिलाल म्हणून एक तोंडाळ गाडीवान होता. त्याने खाली उतरून बैलांना शिव्या घातल्या, शेपट्या पिरगाळल्या, शेवटी स्वतः जुवाला खांदा लावून ढकलून पाहिलं. बैल हलले नाहीत. जिभा बाहेर काढून धुरपदाबाईची वाट बघत उभे. बाकीचे गाडीवान पोट धरधरून हसले, आणि पुढच्या फेरीला त्यांच्याही बैलांनी तेच केलं. महिन्याभरात त्या पडीक शेतात गवत उगवायला लागलं. रेल्वेचा साहेब पाहणीला आला तेव्हा गिरधरने ही युक्ती आपलीच असल्यासारखी छान रंगवून सांगितली. धुरपदाबाईने पदराआड हसून घेतलं.

पण ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तो मात्र सुटला. चुडामण हुशार. दुसऱ्याच्या हातचं खाऊ घातलं की जोडीला नजर लागते, असं त्याचं ठाम मत. मळणीच्या वेळी बैलांनी कणसं खाऊ नयेत म्हणून तोंडाला बांधतात ती मुसकी, ती त्याने भर सडकेवर आपल्या बैलांना बांधली. बहीण डबा घेऊन जवळ आली, की हा वरून म्हणायचा, यांचा उपास आहे. आणि सगळ्या गाड्या फाटकाशी उभ्या असताना हा एकटा त्यांच्या अंगावरून धुरळा उडवत शेतातून पलीकडे. आता तर त्याला जास्तच चेव चढला होता. सगळे थांबतात आणि आपण थांबत नाही, याहून मोठी मिरवणूक कोणती?

धुरपदाबाई रात्र रात्र कूस बदलायची. मग वैशाख आला, अक्षय्य तृतीयेची आखाजी आली. आखाजीला खानदेशातली सासुरवाशीण माहेरी जाणारच. तिला न्यायला चुडामणच गाडी घेऊन आला. हिने गाठोड्यात लुगडी घेतली, भाच्यांसाठी सांजोऱ्या घेतल्या आणि वर तो घासलेटचा डबा घेतला. गिरधरने विचारलं, माहेरी डबा नाही का? ती म्हणाली, या डब्यासारखा नाही.

आठ दिवस बाकीच्या माहेरवाशिणी आंब्याच्या झाडाला झोके बांधून गाणी म्हणत होत्या, आणि ही सकाळ-संध्याकाळ गोठ्यापाशी डबा बडवत होती. आधी जवळून. मग अंगणातून. मग आडापासून. शेवटी शेताच्या बांधावर उभी राहून वाजवला, तर चांद्या आणि पाखऱ्या दावं तोडायला निघाले. गोठ्यात मुसकी नव्हती, प्रत्येक वेळी मूठ पोटात जात होती. चुडामणला त्यात काही वावगं दिसलं नाही. बहीण चार दिवसांची पाहुणी, बैलांचे लाड करते, करू दे. भाऊबिजेला ती पुन्हा आली, पुन्हा डबा घेऊन. भाऊ भावजयीला म्हणाला, अक्काला म्हातारचळ लागला.

कापूस फुटला, सडक पुन्हा वाहायला लागली. मार्गशीर्षातली दुपार होती. चुडामणची त्या हंगामातली पहिली गाडी कापसाने शिगोशीग भरलेली, आणि त्याच्या मागे धुळ्याची सर्व्हिस मोटार भोंगा वाजवत लागलेली. मोटारवाल्याने त्याला पिंप्राळ्याच्या आधी गाठीन म्हणून खिजवलं होतं. झालं, एवढंच पाहिजे होतं. बैल उधळल्यासारखे पळत होते, कापसाचे बोळे उडत होते, मोटारीतले उतारू माना बाहेर काढून ओरडत होते. इकडे सिग्नल पडलेला, फाटक लागलेलं, चार गाड्या उभ्या. धुरपदाबाई चौथ्या गाडीच्या बैलाला मूठ देत होती.

तिने आवाज ऐकला आणि मान वर केली. मोटार फाटक बघून थांबली. चुडामण थांबणार कसा? मोटारीला हरवायची हीच संधी. त्याने बैल डावीकडे घातले, गाडी धाडकन शेतात उतरली. त्याच वेळी शिट्टी झाली, अगदी जवळ. मेल वळणावर दिसत होती. गिरधर लाल निशाण घेऊन रुळांमधून मेलकडे धावत सुटला, पण एवढी मोठी मेल काय निशाण बघून जागच्या जागी उभी राहते?

दुसरं बाईमाणूस असतं तर हे बघून भावाकडेच धावलं असतं. धुरपदाबाई उलटी धावली. रुळांकडे पाठ करून, शेताच्या पार पलीकडच्या बांधाकडे, लुगड्याचा काष्टा सुटला तरी थांबली नाही. पायात काटे मोडत होते. बांधावर चढली आणि हातातला डबा जिवाच्या आकांताने बडवायला लागली. ठण् ठण् ठण् ठण्.

रूळ जेमतेम दोन कासऱ्यांच्या अंतरावर होते. चांद्याचे कान उभे राहिले. पाखऱ्याने मान वळवली. चुडामणने कासरा ओढला, चाबूक हाणला, पण त्या जोडीने असं काही अंग झोकलं की गाडी एका चाकावर गर्रकन फिरली. बैल बहिणीकडे, गाडी बैलांमागे, आणि चाक एका धोंड्यावर चढून सगळं उलथं झालं. जू सुटलं, बैल मोकळे झाले. कापूस शेतभर. चुडामण दहा हातांवर ढेकळांत. आणि त्याच्या मागून मेल धडधडत गेली, इतक्या जवळून की कापूस उडून तिच्या डब्यांना चिकटला.

मेल गेली. चुडामण उठला. कपाळातून रक्त येत होतं आणि डोळे रागाने लाल झाले होते. आजवर न थांबलेली जोडी चारचौघांसमोर थांबली होती. चाबूक उचलून तो बैलांकडे निघाला. चांद्या आणि पाखऱ्या बांधापाशी उभे राहून बांधलेली तोंडं डब्यात खुपसत होते, त्यांना काही मिळत नव्हतं. धुरपदाबाईने दोन्ही मुसकी सोडली आणि खाली टाकली. डब्यातली सरकी तिने दोघांना मूठ मूठ चारली. चुडामणने चाबूक उगारला आणि बैलांच्या पाठीवरून त्याची नजर मागे रुळांवर गेली. ज्या जागी तो मेलखाली सापडला असता, ती जागा त्याला दिसली. चाबूक खाली आला तो नुसताच. तो बांधाला टेकून बसला.

फाटकाकडून गाडीवान धावत येत होते, हिलाल सगळ्यांत पुढे. गिरधर निशाण टाकून धापा टाकत शेतात उतरत होता. ते पोचायच्या आत चुडामणने बहिणीकडे पाहिलं. लहानपणी ताप भरला की पाहायचा, तसं.

"अक्का," तो म्हणाला, "आखाजीले तू डबा वाजाडे, तो यानाकरताच? तू माले कसाले नई सांगं?"

धुरपदाबाईने पदराने त्याच्या कपाळावरचं रक्त पुसलं. मग इतका वेळ आवरलेलं रडू तिला फुटलं, आणि रडता रडता ती रागाने म्हणाली, "तुले त रोज सांगं. तू आयकं नई. मंग बैलेस्ले सांगं."