सात बैठकांचे सोनेरी वलय

सभागृहात पाऊल ठेवायला जागा नव्हती. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर एक गोल चेहरा उमटला, त्याभोवती सोनेरी वलय झळकले आणि शे-दीडशे घशांतून एकच हुंकार निघाला.

"बघा!" मखमली खुर्चीतून तेजबाबा गरजले. "पहिल्या बैठकीला हिचं वलय कोळशासारखं होतं. सात बैठकांत रोग जळाला! आणि हे मी म्हणत नाही हो, यंत्र म्हणतंय. यंत्राला ना काका ना मामा, ते कशाला खोटं बोलेल?"

स्क्रीनवरचा चेहरा ताईचा होता. तिच्या मानेत लिंबाएवढी गाठ होती आणि गुरुवारी शस्त्रक्रिया ठरली होती.

"आता कशाला कापाकापी?" शेजारी बसलेल्या धाकट्या भावाला ती हरखून म्हणाली. "उद्याच दवाखान्यात नको म्हणून कळवते."

घरात या भावाला अबोल्याच म्हणत. गर्दीत त्याचा जीव आक्रसून जाई. पण आज त्याची नजर स्क्रीनवर खिळली होती. वलयात, उजव्या कानाजवळ, नखाएवढी फट होती. दुसरा चेहरा आला, फट तिथेच. तिसरा आला, तिथेच. सगळ्यांचा रोग जळताना जाळ नेमका उजव्या कानापाशीच कसा विझला?

ती फट त्याला स्वतःच्या हस्ताक्षरासारखी ओळखीची वाटली. दोन वर्षांपूर्वी, फारच एकाकी दिवसांत, त्याने प्रोफाइलचे फोटो नीटनेटके करणारी एक छोटी वेबसाइट बांधली होती. फोटो चढवला की ती चेहरा गोलात कापी, उजळ करी आणि फोटोच्या कडांना जो रंग असेल त्याच रंगाचे वलय भोवती काढी. वर्तुळ पुरे व्हायला तीनशे साठ अंश लागतात. त्याने चुकून तीनशे चोपन्न लिहिले होते. कोणी वापरतच नाही तर दुरुस्त तरी कोणासाठी करायचे, म्हणून ती चूक त्याने तशीच राहू दिली होती.

कडांचा रंग! आता त्याने सभागृह निरखले. नवी माणसे फोटोसाठी काळ्या कापडासमोर बसत होती. मधल्या बैठकांची राखाडी भिंतीपुढे. आणि सातव्या बैठकीची पिवळ्याधमक कापडासमोर.

तो उठला. "बाबा, ताईचा एक फोटो त्या काळ्या कापडासमोर काढाल?"

"अरे बाळा, उलटं बसवलं तर शक्ती माघारी फिरते!"

"मग मी शक्तीशिवायच काढतो."

कोपऱ्यातली बादली आणि तिच्यावर वाळत घातलेले पोतेरे त्याने पिवळ्या कापडासमोर ठेवले, मोबाइलवर फोटो काढला आणि आपल्या वेबसाइटवर चढवला. सोनेरी वलय. उजवीकडे नखाएवढी फट. मोबाइल हातोहात फिरू लागला.

"अरे वा," एक आजोबा म्हणाले, "हे पोतेरं तर आपल्याहून पुण्यवान निघालं!"

"जडातही चैतन्य असतं!" बाबा ओरडले.

"असेल की," मागून एक बाई म्हणाली, "पण त्याच्या सात बैठका कधी झाल्या?"

हशा पिकला. ताई मात्र हसली नाही.

"चार माणसांत माझी शोभा करायची होती का रे तुला?"

"नाही गं, ताई. मला तू हवी आहेस."

ती उठली आणि स्वतःच काळ्या कापडासमोर जाऊन बसली. "काढ."

वलय कोळशासारखे आले. तिचा हात मानेकडे गेला. गाठ होती तेवढीच होती.

बाबांची ध्यानाची वेळ नेमकी तेव्हाच झाली आणि ते मागच्या दाराने ध्यानाला गेले.

"बाबांचं यंत्र म्हणजे ही वेबसाइट, आणि ती माझी आहे," अबोल्या लोकांना म्हणाला. इतक्या माणसांसमोर तो प्रथमच बोलत होता. "मी डॉक्टर नाही, आणि ती तर मुळीच नाही. तिला मागच्या कापडाचा रंग कळतो, आतला रोग नाही. कोणी यंत्र दाखवलं म्हणून माना डोलवू नका. ते नेमकं काय मोजतं, एवढं विचारा. उत्तर मिळालं नाही तर उठून चालू लागा, आणि दुखत असेल तर थेट दवाखाना गाठा."

ताईने त्याच्यापुढे हात पसरला.

"दवाखान्याचा नंबर लावून दे. गुरुवार पक्का म्हणून मीच सांगते."