मार्लिन बसला, जावई बसला

जावयाची गाडी चुकली. पण ते बाजूला ठेवू. असं काही झालंच नाही असं धरून पुढे जाऊ, कारण खुर्चीतला जावईसुद्धा तेच धरून बसला होता.

खुर्ची फिरती, सासऱ्यांच्या बोटीच्या मागच्या बाजूला बोल्टांनी आवळलेली. समोर गळाचा रॉड, रॉडला रीळ, रिळातून दोर थेट समुद्राच्या पोटात, आणि टोकाला मार्लिन: भाल्यासारख्या चोचीचा, घरच्या कपाटाहून लांब मासा. सासऱ्यांनी आयुष्यभर त्याची वाट पाहिली होती. जावयाने नव्हती पाहिली. तो खुर्चीत टेकला होता बुटाची नाडी बांधायला.

बोटीवरचा नियम असा, की मासा लागून रीळ किंचाळलं त्या क्षणी खुर्चीत जो असेल, मासा त्याचा. जावई नाडी सोडून वर बघेपर्यंत मेहुण्याने पट्टा खुर्चीच्या पाठीमागे कडीने आवळून रिळाला अडकवलाही. आज मासेमारीची स्पर्धा होती, आणि तिचा नियम त्याहून कडक: एकदा पट्टा आवळला की मासा हाती येईपर्यंत दुसऱ्या कुणी रॉडला, दोराला, पट्ट्याला बोट लावलं की मासा बाद. खुर्ची फिरवलेली चालते. म्हणून मेहुणा ती अधूनमधून फिरवत होता, न्हाव्यासारखी.

"दाजी, नाक खाजवू का?" त्याने विचारलं. "नाकाचं नियमात काही नाही."

खरं तर जावई आज बोटीवर आला होता एक वाक्य बोलायला. बायकोला लांबच्या शहरात नोकरी लागली होती. समुद्रापासून इतकं लांब, की तिथे मासा डब्यातच भेटतो. संध्याकाळच्या गाडीने दोघं कायमचे निघणार होते. वडिलांना सांगायची तिची छाती होईना, तेव्हा हा "मी सांगतो" म्हणाला, आणि सकाळपासून तोंडात मिठाची गुळणी धरून होता.

मार्लिन खोल गेला आणि बसला. जावयाने ओढून पाहिलं, मासा हलला नाही. रीळ सैल सोडून पाहिलं, तरी हलला नाही. त्याला कुठे जायचं नव्हतं.

"घाई नको, जावईबापू," सासरे समाधानाने म्हणाले आणि त्याला बाटलीने पाणी पाजू लागले. "असे मासे दोन-दोन दिवस बसतात."

जावयाला ठसका लागला. तेवढ्यात जावयाच्या खिशातला फोन वाजला. त्याचे दोन्ही हात रॉडवर, म्हणून मेहुण्याने फोन काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला.

"कुठे आहेस?" बायको.

"खुर्चीत."

"कुठल्या खुर्चीत? गाडी लागलीये, मी बॅगा चढवल्यात. बाबांना सांगितलंस का, आपण कायमचे चाललोय ते?"

 मेहुणा खुर्ची फिरवायची विसरला.

"आत्ताच सांगितलं," जावई म्हणाला.

"मग ये लवकर. गाडी सुटली तर मी उतरणार नाहीये," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सासऱ्यांनी बाटलीचं झाकण लावलं. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "जा ना. मी धरलंय का तुला?"

जावयाने उठायचा प्रयत्न केला. खुर्ची करकरली. पट्ट्याची कडी पाठीमागे, हात पोचेना.

"दोर कापा ना, बाबा."

"सुरी आहे माझ्याकडे," सासऱ्यांनी खिसा थोपटला. "पण कापायचं म्हणजे दोराला हात लागणार. मी नियम मोडत नाही."

"मेहुणे, तुम्ही?"

मेहुण्याने वडिलांकडे पाहिलं आणि खुर्ची किनाऱ्याच्या दिशेने वळवून दिली. "निदान तिकडे बघत बसा, दाजी."

वायरलेसवर स्पर्धा समिती मासा कुणाला लागला म्हणून विचारत होती. जावयाने माइक तोंडाशी धरायला सांगितला, घसा खाकरला आणि बोलला:

"समितीस सविनय विनंती, की खुर्चीतील इसमास सदर खुर्ची व तिच्या मालकांच्या मायेतून तत्काळ कार्यमुक्त करण्यात यावे. ते नियमात बसत नसल्यास, मासा स्वेच्छेने वर येईपर्यंत संध्याकाळची गाडी फलाटावर रोखून धरावी, तिच्यात बसलेल्या माझ्या पत्नीस चहा द्यावा, व या निर्णयाची एक प्रत माशास पाठवावी."