धांदलचा रंग

माझ्या सख्ख्या भावाला तपकिरी कुत्रा द्यायचा नाही, हे मी ठरवून टाकलं होतं आणि माझं एकदा ठरलं की ती काळ्या दगडावरची रेघ. बावीस वर्षं मी लॅब्राडोर शिकवते आहे. ज्यांना दिसत नाही त्यांना रस्त्यानं नेणारी कुत्री आमच्या केंद्रात तयार होतात. काळा लॅब्राडोर कामाचा, पिवळा लाडात येणारा पण सांगितलेलं ऐकणारा, आणि तपकिरी म्हणजे नुसता डोक्याला ताप, हे मला वडिलांनी सांगितलं. त्यांनी आयुष्यभर याच अंगणात हे काम केलं. त्यांच्यावर शंका घ्यायची माझी काय बिशाद!

धाकट्याच्या डोळ्यांचे पडदे तीन वर्षांत झिजत गेले. आता त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तो हाडांच्या दवाखान्यात पेशंटकडून व्यायाम करून घेतो. ते काम हातांचं, त्यामुळे अजून पूर्वीसारखंच जमतं. जमत नाही ते जाणं-येणं. सकाळी मी त्याला गाडीनं दारात सोडते आणि संध्याकाळी घेऊन येते. "ताई, छातीला पिनेनं रुमाल लाव ना, म्हणजे शाळेत निघाल्यासारखं तरी वाटेल," तो एकदा म्हणाला. मी हसले, तो हसला नाही. पांढरी काठी घेऊन दोनदा एकटा निघाला, दुसऱ्यांदा गुडघा फोडून घेतला, आणि मग आठवडाभर खोलीबाहेरसुद्धा आला नाही. यादीत त्याचा नंबर लागला तेव्हा तुकडीत माणूस न ठरलेला एकच कुत्रा उरला होता. तो म्हणजे धांदल.

हे नाव मीच ठेवलं होतं, पिल्लू सहा आठवड्यांचं असताना. एकाच काळ्या आईची तीन पिल्लं: काळा पंतोजी, पिवळा लोण्या आणि हा तपकिरी. ते दोघं पहिल्याच परीक्षेत पास होऊन त्यांची माणसंही ठरली. धांदल दोनदा नापास झाला. तिसऱ्यांदा नापास झालेला कुत्रा कुणाच्या तरी घरी पाळायला जातो, असा आमचा नियम आहे. खरं सांगायचं तर मी त्याच दिवसाची वाट पाहत होते. पुढच्या तुकडीला वर्ष लागेल तर लागू दे, काळा तरी मिळेल.

"वर्षभर मी काय करू?" धाकट्यानं विचारलं.

"मी सोडते आहे ना तुला."

"तेच तर म्हणतोय," तो म्हणाला.

परीक्षेला तीन आठवडे असताना तो केंद्रात आला आणि अंगणातल्या बाकावर बसला. शेजारी आमच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई वजनांची वही घेऊन बसल्या होत्या. मी सराव घेत होते. एकेक कुत्रा घ्यायचा, पट्ट्याचा दांडा धरायचा, अंगणातल्या खोट्या फूटपाथवरून चालवायचं, 'पुढे', 'थांब', 'डावीकडे', की परत आणून दुसरा घ्यायचा. पाचवा कुत्रा आणून बांधला तेव्हा बाकावरून आवाज आला, "पिवळा, काळा, काळा, तपकिरी, पिवळा. बरोबर?"

बाईंचं पेन थांबलं. "तुम्हाला थोडं दिसतं की काय हो?"

"छे. ताईचा आवाज ऐकतोय."

बाईंना चेव आला. त्यांनी क्रम उलटासुलटा करून मला पुन्हा कुत्री दिली, आणि धाकट्यानं अकराच्या अकरा वेळा रंग अचूक सांगितला. ज्याला समोर धरलेला हात दिसत नाही, तो बाकावर बसून कुत्र्यांचे रंग ओळखत होता, आणि त्याला ते मी दाखवत होते!

"काळ्याला तू 'पुढे' म्हणतेस आणि गप्प राहतेस," तो म्हणाला. "पिवळ्याला 'पुढे रे'. आणि याला आधी सुस्कारा सोडतेस, मग 'पुढे, पुढे, धांदल, पुढे'. पहिल्या दोन 'पुढे'ना काही अर्थ नसतो हे त्याला कळलंय, ताई. म्हणून तो तिसऱ्याला निघतो. तू शिकवलंस ते तो अगदी चोख शिकलाय."

माझ्या नाकावर राग तयारच असतो. "आता तू मला कुत्री शिकवायला शिकवणार?"

"ताई, रंगानं स्वभाव बदलतो की नाही, ते मला खरंच माहीत नाही," बाई म्हणाल्या. "बदलतही असेल थोडाफार. पण मध्ये तुमचा आवाज आहे तोवर या अंगणात ते कुणालाच कळायचं नाही."

मी तरातरा जाऊन कपाटातली काळी पट्टी आणली. अंधाराची सवय व्हावी म्हणून आम्ही शिकवणारे कधीकधी डोळ्यांवर ती बांधतो. म्हटलं, आता या दोघांना खोटं पाडतेच. पट्टी बांधली. बाई कुठला कुत्रा हातात देतील ते मला ठाऊक नव्हतं. प्रत्येकाला एकदाच सांगायचं ठरलं.

पहिले तीन लगेच निघाले. चौथ्याला 'पुढे' म्हटलं आणि काहीच झालं नाही. दांडा जागच्या जागी. कोण आहे ते मला कळलं, आणि दुसरं 'पुढे' जिभेवर येऊन थांबलं.

"चकार शब्द काढू नकोस," धाकटा म्हणाला.

मी काढला नाही. अंधारात किती वेळ उभी होते कोण जाणे. कुत्र्याचा श्वास ऐकू येत होता. तो माझी वाट पाहत होता आणि मी त्याची. एवढ्या वर्षांत एकाही तपकिरी कुत्र्याला मी एवढी उसंत दिली नव्हती. मग दांडा हलला, अगदी हलकेच, आणि मला पुढे घेऊन गेला. पट्टीच्या आत मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

पुढचे तीन आठवडे मी पट्टी बांधूनच त्याचा सराव घेतला. परीक्षेला दुसऱ्या केंद्रातले परीक्षक होते आणि मला फाटकाबाहेर उभं केलं होतं. धांदल पास झाला. त्यानंतर महिनाभर भाऊ आणि कुत्रा एकत्र शिकले, आणि मग सोमवारी सकाळी धाकटा दवाखान्यात चालत निघाला. मी तीस पावलं मागे. तोंड उघडायचं नाही, या अटीवर.

दुसऱ्या चौकाच्या अलीकडे एका गोदामाचं फाटक आहे. धांदल तिथं थांबला. "पुढे," धाकटा म्हणाला. धांदल हलला नाही. "पुढे," तो पुन्हा म्हणाला. माझ्या मनात चटकन आलंच, शेवटी जातीवर गेला. असं मनात आलं हे मी लपवणार नाही. धाकट्यानं स्वतःच पाऊल उचललं, तसा धांदल वळून त्याच्या पायांसमोर आडवा उभा राहिला. आणि फाटकातून बॅटरीवर चालणारी एक मालवाहू गाडी मागे येत येत फूटपाथवर आली. आवाज नाही की भोंगा नाही. कुत्र्यापासून हातभर अंतरावरून ती वळली आणि निघून गेली.

मला ओरडताच आलं नाही. पुढे धोका असेल तेव्हा सांगितलेलं ऐकायचं नाही, हेही आम्ही कुत्र्यांना शिकवतो. पण ते किती रुजलंय हे परीक्षेत नाही, अशा एखाद्या क्षणाला कळतं. पास झालेल्या काळ्यांतही काहींना ते कधीच येत नाही. कुठून येतं ते मला माहीत नाही, वडिलांनाही माहीत नव्हतं.

मी धावत पोचले. "काय होतं?" धाकट्यानं विचारलं.

"गाडी. आवाज नव्हता तिला."

तो खाली बसला. कुत्र्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. मग म्हणाला, "ताई, याचा रंग कसा आहे?"

"तपकिरी."

"ते लहानपणापासून ऐकतोय. कसा आहे, सांग ना."

मी वाकले आणि पाहिलं. मला सांगताच येईना. कारण मी तो कधी पाहिलाच नव्हता, त्याच्या नोंदीच्या कागदावर 'तपकिरी' लिहून मोकळी झाले होते. "पाठीवर नुकत्याच भाजलेल्या कॉफीच्या दाण्यासारखा आहे," मी म्हणाले. "कानांवर जास्त गडद. खांद्यापाशी ऊन पडलंय तिथं तांब्यासारखा चमकतोय. पोटाकडे फिका होत गेलाय. नाक काळं नाहीये, नाकही त्याच रंगाचं आहे. आणि डोळे... डोळे मधासारखे आहेत रे, आणि ते तुझ्याकडे लागलेत."

धाकटा ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर मी तीन वर्षांत न पाहिलेलं हसू होतं. मग तो उठला, दांडा धरला आणि म्हणाला, "तू घरी जा आता. मला उशीर होतोय."

दवाखाना अजून दोन चौक लांब होता. मी घरी गेले नाही, पण त्याच्या मागेही गेले नाही, फाटकापाशीच उभी राहिले. ते दोघं गर्दीतून वाट काढत कोपऱ्यावर पोचले, वेग जराही कमी न करता वळले आणि मला दिसेनासे झाले.